प्लॉट घेण्याआधी डीपी वाचा, आणि डीपी ठरण्याआधी बोला : खान्देशातल्या नवख्यांसाठी

आखाजी (अक्षय तृतीया) जवळ आली की जळगाव, धुळे, भुसावळच्या रस्त्यांवर प्लॉटचे बोर्ड उगवतात. ‘मुहूर्तावर बुकिंग, हप्त्याची सोय, एन.ए. (बिगरशेती) होणारच.’ बोर्डवर रंगीत नकाशा असतो, त्यात बाग, मंदिर आणि बारा मीटरचा रस्ता असतो. हा नकाशा विकणाऱ्याने काढलेला असतो. महापालिकेने किंवा नगरपरिषदेने काढलेला नकाशा वेगळा असतो, तो कार्यालयाच्या भिंतीवर किंवा कपाटात असतो, आणि घर बांधता येणार की नाही ते तो ठरवतो. त्याला विकास आराखडा म्हणतात. आपल्याकडे सगळे डीपी म्हणतात, मीही तेच म्हणेन.

आमच्या घरच्या जमिनीच्या निमित्ताने मला या सगळ्यातून जावं लागलं. झोन दाखला काढणं, पार्ट प्लॅन, हरकत, सुनावणी, सगळं. टेबलावरची माणसं वाईट नसतात, पण तुम्ही नेमका प्रश्न विचारला नाही तर नेमकं उत्तर मिळत नाही. हा लेख त्या नेमक्या प्रश्नांसाठी आहे. प्लॉट घेणाऱ्यांना तो उपयोगी पडेलच. पण शहरात भाड्याने राहणाऱ्यांनी सहावी पायरी सोडू नये.

फाईलमध्ये आधी हे कागद गोळा करा:

- ताजा सातबारा (महाभूमीच्या संकेतस्थळावरचा डिजिटल सहीचा चालतो) आणि आठ-अ
- शहराच्या जुन्या भागातली मिळकत असेल तर सिटी सर्व्हेचं मिळकत पत्रक
- गट नकाशा, आणि झालेली असेल तर भूमी अभिलेखच्या मोजणीची ‘क’ प्रत
- जुने फेरफार, विशेषतः जमीन कोणाकडून कोणाकडे आणि कोणत्या अटीवर आली ते दाखवणारे
- ले-आउट (जमिनीचे प्लॉट पाडल्याचा नकाशा) मंजुरीचा आदेश आणि शिक्का मारलेला नकाशा. फक्त नकाशा नको, आदेशही हवा

१. जमीन कोणाच्या हद्दीत आहे ते आधी ठरवा

पहिली गडबड इथेच होते. ‘शहरालगत’ म्हणजे शहरात नव्हे. जमीन महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत असेल तर तिथला डीपी लागू. हद्दीबाहेर असेल आणि त्या भागाची प्रादेशिक योजना मंजूर असेल तर ती लागू, आणि परवानगीचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे. ग्रामपंचायत घरपट्टी लावते, आठ नंबरचा उतारा देते, पण शेतजमिनीचा झोन, म्हणजे तिचा ठरलेला वापर, बदलणं तिच्या हातात नाही. ‘ग्रामपंचायतीची परवानगी आहे भाऊ, काळजीच करू नका’ हे वाक्य ऐकलं की काळजी सुरू करा.

हद्दवाढ झालेल्या गावांत जास्त जपा. धुळ्यात वलवाडी, महिंदळे, अवधान यांसारखी गावं महापालिकेत आली. अशा गावांत ग्रामपंचायतीच्या काळातल्या नोंदी एका दप्तरात, प्रादेशिक योजनेचा झोन दुसऱ्या नकाशावर आणि महापालिकेचा कर तिसऱ्या टेबलावर सापडतो. लेखी विचारायचा प्रश्न एकच: ‘या गटाला आज कोणती योजना लागू आहे आणि ती कोणत्या तारखेला मंजूर झाली?’

२. घरांसाठी जमीन किती लागेल, हे ते कसं ठरवतात

ही पायरी वाचून कागद मिळणार नाही. पण ही कळली की पुढे नकाशा वाचताना रंगांमागचा हिशेब दिसतो.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली डीपी होतो. आधी नगरपालिका किंवा महापालिका इरादा जाहीर करते. मग जमिनीचा सध्याचा वापर मोजून नकाशावर मांडतात: कुठे घरं, कुठे जिनिंग, कुठे केळीची बाग, कुठे नाला. मग पुढच्या साधारण वीस वर्षांची लोकसंख्या अंदाजाने काढतात आणि तेवढ्या लोकांना घरं, शाळा, दवाखाने, रस्ते, बागा किती लागतील ते ठरवतात. कायदा सांगतो की वीस वर्षांत एकदा तरी आराखड्याची सुधारणा व्हावी. प्रत्यक्षात उशीर होतो, तोवर जुनाच नकाशा चालतो.

आकडेमोड कशी असते, ते एका काल्पनिक गावावर करून बघू. आज लोकसंख्या एक लाख, वीस वर्षांनी दीड लाख धरली. वाढीव पन्नास हजार माणसं, घरटी साडेचार धरली तर अकरा हजारांवर घरं. रहिवास भागात हेक्टरी २५० माणसं राहतील असं मानलं तर २०० हेक्टर नवीन जमीन पिवळी, म्हणजे नकाशावर रहिवासाची, करावी लागते. हेक्टरी १५० च मानली तर ३३३ हेक्टर. म्हणजे दाटीचा एक आकडा बदलला की सव्वातीनशे एकरांचा फरक पडला. तो फरक कोणाच्या शेतावरून जातो, यावर पुढची सगळी धावपळ चालते.

लोकसंख्येचा पाया अजून २०११ च्या जनगणनेचा आहे, कारण २०२१ ची वेळेवर झालीच नाही. त्या गणनेत जळगाव सुमारे ४ लाख ६० हजार आणि धुळे सुमारे पावणेचार लाख होतं. म्हणून प्रारूप (कच्च्या) आराखड्यासोबत जो अहवाल असतो, त्यातलं लोकसंख्येचं प्रकरण नक्की वाचा. नकाशा सगळे बघतात, अहवाल कोणी उघडत नाही, आणि हरकतीचा खरा दारूगोळा अहवालातच असतो.

माझं या पद्धतीबद्दल एक स्पष्ट मत आहे. हा हिशेब जमीन किती हे सांगतो, कोणासाठी हे सांगत नाही. पिवळा रंग लागला की तिथे दोन हजार फुटांचे प्लॉट पडतात आणि गुंतवणूक म्हणून वर्षानुवर्षं मोकळे राहतात. जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात किंवा डाळमिलमध्ये काम करणारा माणूस त्या पिवळ्या भागात कधीच पोचत नाही. तो खोली भाड्याने घेतो, नाहीतर गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यांनी विकलेल्या जमिनीत, अर्धा गुंठा. मोठ्या प्रकल्पात वीस टक्के लहान घरं ठेवण्याची सक्ती नियमावलीत आहे, पण ती दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांचा विचार करून आली. खान्देशात एवढं मोठं शहरच नाही. त्यामुळे आपल्याकडे गरिबाच्या घराला डीपीत जागा मिळायची तर ती आरक्षण (सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा) म्हणून दाखवावी लागते, आणि ते आरक्षण कोणी मागितलं तरच पडतं.

३. नकाशा वाचायला शिका

कार्यालयात जाऊन मंजूर डीपीची प्रत बघायला मागा. बऱ्याच ठिकाणी ती संकेतस्थळावरही असते, पण स्कॅन केलेल्या नकाशात गट नंबर पुसट दिसतात. मोठा नकाशा समोर ठेवून बघण्याला पर्याय नाही.

कोपऱ्यातली सूची आधी वाचा. साधारणपणे रहिवास पिवळा, वाणिज्य निळा, औद्योगिक जांभळा, शेती किंवा हरित भाग हिरवा असतो. हे पाठ करू नका, कारण जुन्या आराखड्यांत छटा वेगळ्या सापडतात.

रंगापेक्षा रेषा आणि आकडे महत्त्वाचे. आकडा असलेला चौकोन म्हणजे आरक्षण: शाळा, बाजार, बाग, दवाखाना, वाहनतळ, बेघरांसाठी घरं. जमीन पिवळी आहे म्हणून खूश झालात आणि तिच्यावर ‘प्राथमिक शाळा’ असा नंबर बसलेला असला, तर त्या पिवळ्याचा उपयोग नाही. रस्त्यांचंही तसंच. सध्या बारा फुटांची असलेली पायवाट डीपीत अठरा मीटरची असू शकते आणि तुमच्या प्लॉटचा तिसरा हिस्सा तिच्यात जाऊ शकतो. उलट फायदाही होतो, कारण रस्ता जितका रुंद तितकं बांधकाम जास्त करता येतं.

नदीकाठचा प्लॉट असेल तर पूररेषा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर मिळतं. पांझरा, गिरणा उन्हाळ्यात कोरड्या दिसतात म्हणून फसू नका. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी चाळीसगावात डोंगरी आणि तितूर नद्यांनी काय केलं ते आठवा.

बाकी महामार्ग, रेल्वे, उच्च दाबाची वीजवाहिनी, जळगावचा विमानतळ यांच्या जवळ जागा असेल तर त्यांची अंतरं आणि ना-हरकत वेगळी असते. तेही विचारून घ्या.

४. झोन दाखला आणि पार्ट प्लॅन काढा

तोंडी माहितीवर एक रुपयाही देऊ नका. महापालिकेच्या नगररचना विभागात किंवा नगरपरिषदेत अर्ज करा. हद्दीबाहेर असाल तर जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात, ज्याला आपण टी.पी. ऑफिस म्हणतो. अर्जाला ताजा सातबारा, गट नकाशा, मोजणीची प्रत असेल तर ती जोडा, चलन भरा, आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

अर्जात दोन गोष्टी वेगवेगळ्या मागा: झोन दाखला, म्हणजे गट कोणत्या विभागात आहे त्याचं लेखी उत्तर, आणि पार्ट प्लॅन, म्हणजे तुमच्या गटापुरता नकाशाचा तुकडा. दाखल्यात ‘गट अंशतः रहिवास, अंशतः शेती’ असं आलं तर पार्ट प्लॅनशिवाय काहीच कळत नाही. ‘अंशतः’ हा शब्द दिसला की तुमचा नेमका प्लॉट रेषेच्या कोणत्या बाजूला पडतो ते मोजणीच्या नकाशावर बसवून घ्या. डीपीचा नकाशा आणि भूमी अभिलेखचा नकाशा यांचं प्रमाण वेगळं असतं, एका रेघेच्या जाडीत खाली जमिनीवर काही मीटर जातात. हे काम परवानाधारक अभियंत्याकडून किंवा वास्तुविशारदाकडून करून घ्या. त्याची फी प्लॉटच्या किमतीपुढे काहीच नाही.

दाखल्यावर ‘मंजूर’ आराखडा लिहिलंय की ‘प्रारूप’ तेही वाचा. प्रारूप आराखड्यातला पिवळा रंग पुढे बदलू शकतो.

५. ले-आउटचे सापळे

इथे सगळ्यात जास्त पैसे बुडतात, म्हणून जरा थांबून.

तात्पुरती मंजुरी आणि अंतिम मंजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तात्पुरत्या मंजुरीनंतर मालकाने रस्ते, गटारी, खुली जागा प्रत्यक्ष करून, मोजणी करून दाखवायची असते. मग अंतिम. विकणारा तात्पुरता आदेश दाखवतो आणि ‘मंजूर’ या शब्दावर बोट ठेवतो. तुम्ही आदेशाचा विषय वाचा.

खुली जागा कुठे आहे, ते ले-आउटवर बघा आणि पायी जाऊन जमिनीवर बघा. २०२० च्या डिसेंबरपासून राज्यात मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं सोडून सगळीकडे एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यानुसार साधारण एकरभराच्या वरच्या ले-आउटमध्ये दहा टक्के जागा खुली ठेवावी लागते. ती ओढ्यात, खड्ड्यात किंवा वीजवाहिनीखाली ढकलण्याची कला आपल्याकडे चांगली विकसित झालेली आहे. काही वर्षांनी त्याच खुल्या जागेत कोणाचंतरी पत्र्याचं शेड उभं राहतं.

शेतजमिनीचा गुंठा-दोन गुंठे तुकडा घेऊ नका. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली ठराविक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडता येत नाही. २०२३ च्या अधिसूचनेनंतर बहुतेक जिल्ह्यांत बागायतीला दहा गुंठे आणि जिरायतीला वीस गुंठे हे प्रमाण आहे. शासन अधूनमधून जुने व्यवहार नियमित करायला सूट देतं, २००१ चा गुंठेवारी कायदाही त्यासाठीच आला आणि पुढे त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली गेली. पण सूट मागच्यांना असते. पुढे येईल या भरवशावर आज तुकडा घेणं म्हणजे उधारीवर पाऊस मागणं.

‘पन्नास रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून देतो’ याला व्यवहार म्हणत नाहीत. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं खरेदीखत आणि त्यानंतर सातबाऱ्यावर नाव, यापेक्षा कमी काही चालत नाही. ५०० चौरस मीटरच्या वरच्या प्लॉट प्रकल्पाला महारेराची (घर-प्लॉट प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी लागते. बोर्डवर नंबर असेल तर तो महारेराच्या संकेतस्थळावर टाकून बघा, आणि नंबरच नसेल तर तिथल्या तिथे विचारा.

घर बांधताना: १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर नियमावलीत सोपी पद्धत आहे, परवानाधारकामार्फत नकाशा आणि शुल्क भरून सुरुवात करता येते. लोक याचा अर्थ ‘परवानगी लागतच नाही’ असा लावतात. झोन, रस्ता, समास अंतर (बांधकामाभोवती सोडायची जागा), सगळं तिथेही पाळावं लागतं. आणि काळ्या जमिनीत पाया किती खोल न्यायचा हे नियमावली सांगत नाही, ते गवंड्यापेक्षा इंजिनिअरला विचारा.

६. आराखडा प्रसिद्ध झाला, आता बोला

प्रारूप विकास आराखडा तयार झाला की कायद्याच्या कलम २६ खाली राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत सूचना येते. तेव्हापासून हरकती व सूचनांसाठी साधारण तीस दिवस असतात. नेमकी शेवटची तारीख सूचनेत असते, ती कापून भिंतीला लावा. वीस वर्षं शहर कसं वाढायचं, यावर सामान्य माणसाला कायद्याने बोलता येतं ते या एका महिन्यात. नंतर मोर्चा काढा, निवेदन द्या, आमदारांना भेटा, त्याला हरकतीचं वजन नाही.

हरकत कोणीही घेऊ शकतं. सातबारा नावावर असण्याची अट नाही. भाडेकरू, बचत गट, वस्तीतले लोक, सगळ्यांना हक्क आहे. पण आमच्या शहरात बहुतेक हरकती ‘माझ्या शेतावरचं आरक्षण काढा’ एवढ्याच आल्या होत्या. ‘आमच्या वस्तीसाठी घरांचं आरक्षण टाका’ म्हणणारे शोधावे लागले. कारण साधं आहे: जमीनवाल्याला नोटीस वाचून दाखवणारा वकील असतो, शेडमध्ये राहणाऱ्याला नोटीस निघाल्याचंच माहीत नसतं. तुम्ही हे वाचताय, तर तुमच्या गल्लीत एवढं तरी सांगा.

चांगली हरकत कशी असते? ‘अन्याय झाला, आरक्षण रद्द करा’ ही हरकत फेटाळायला एक ओळ पुरते. पर्याय द्या. ‘या गटावरची शाळा शेजारच्या सरकारी गटावर हलवता येईल, तो रस्त्यालगत आहे, सोबत उतारा आणि नकाशा.’ ‘प्रस्तावित रस्ता तीस मीटर उत्तरेला सरकवला तर उभी घरं वाचतात, तिथे आधीच वहिवाटीचा रस्ता आहे, सोबत छायाचित्रं.’ घरांची मागणी असेल तर: वस्तीत कुटुंबं किती, किती वर्षांपासून, कामाला कुठे जातात, कोणत्या सरकारी गटावर जागा होऊ शकते, तिथे पाण्याची मुख्य वाहिनी आणि रस्ता किती अंतरावर आहे. शेवटचा मुद्दा विसरू नका. गावापासून दूर, पाणी नसलेल्या गटावर गरिबांची घरं टाकली की ती रिकामी पडतात किंवा विकली जातात.

अर्जाचा साचा साधारण असा ठेवा:

प्रति, मा. आयुक्त / मुख्याधिकारी,
विषय : प्रारूप विकास आराखड्यावर कलम २६ अन्वये हरकत व सूचना.
संदर्भ : दिनांक … रोजी प्रसिद्ध झालेली सूचना.
महोदय, मौजे …, गट क्रमांक …, येथे नकाशात आरक्षण क्रमांक … दाखवले आहे. आमची हरकत पुढील कारणांसाठी आहे : (१) … (२) … त्याऐवजी पुढील बदल सुचवतो : … मला प्रत्यक्ष सुनावणी द्यावी. निर्णय लेखी कळवावा.
सोबत : सातबारा, पार्ट प्लॅनवर खुणा करून, छायाचित्रे.

‘सुनावणी द्यावी’ हे वाक्य गाळू नका. पत्ता पूर्ण लिहा, मोबाईल नंबर द्या. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घेऊन परत आणा. वीस लोकांची एकच हरकत असेल तर सह्यांचा एक गठ्ठा देण्यापेक्षा प्रत्येकाचा वेगळा अर्ज द्या, प्रत्येकाला वेगळा क्रमांक आणि वेगळी सुनावणी मिळते.

प्रारूप नकाशाची प्रत विकत मिळते, ती घ्या. सध्याच्या जमीन वापराचा नकाशाही बघायला मागा. तुमची तीस वर्षं जुनी गल्ली तिथे ‘मोकळी जमीन’ दाखवलेली असली, तर हरकतीचा पहिला मुद्दा तोच. द्यायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. पण उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, म्हणून तो पहिल्याच दिवशी टाका.

७. सुनावणीत

हरकती ऐकायला नियोजन समिती असते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जण असतात. सभागृह नसेल तर प्रशासकाच्या काळात नगरसेवकांचे चेहरे दिसणार नाहीत, सुनावणी मात्र व्हावी लागते.

वेळ फार कमी मिळतो. मोठ्याने बोलून काही होत नाही. पार्ट प्लॅनवर लाल पेनाने पर्याय काढून न्या आणि तोच टेबलावर ठेवा. नेमलेले सदस्य नकाशाची भाषा बोलणारे असतात, नकाशा पुढे आला की तेच प्रश्न विचारायला लागतात. वस्तीतर्फे जात असाल तर एका बोलणाऱ्या बाईला पुढे बसवा. पाणी भरायला किती लांब जावं लागतं हे तिच्याइतकं नेमकं कोणी सांगत नाही. आणि आत जाण्याआधी आपापसात ठरवून घ्या, नाहीतर नाना एक सांगतात, आप्पा दुसरंच, आणि समिती पुढच्या क्रमांकाला हाक मारते.

समितीचा अहवाल पालिकेकडे जातो, पालिका बदल करून आराखडा शासनाकडे पाठवते. शासन मंजूर करताना काही भाग वगळून ठेवू शकतं. त्या मोठ्या बदलांवर पुन्हा हरकती मागवतात. या वगळलेल्या भागांना कार्यालयात ई.पी. म्हणतात आणि त्यांचीही वेगळी सूचना निघते. ‘आमची हरकत मान्य झाली’ म्हणून गाफील राहिलेल्यांना ई.पी.च्या यादीत आपला गट सापडतो, म्हणून ही यादी आवर्जून वाचा.

८. मंजूर झाल्यावर आरक्षण तुमच्याच जमिनीवर राहिलं तर

जमीन लगेच जात नाही. पालिकेने ती घ्यायची असते: वाटाघाटीने, मोबदल्याचा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा जास्तीचं चटईक्षेत्र देऊन, किंवा भूसंपादन कायद्याने. आपल्या शहरांत टीडीआरला मुंबई-पुण्यासारखी मागणी नाही, त्यामुळे ‘टीडीआर घ्या’ म्हटल्यावर लगेच मान डोलवू नका, विकत घेणारा कोण आहे ते आधी बघा. काही आरक्षणांत मालकाने स्वतः सुविधा बांधून पालिकेला द्यायची आणि उरलेली जागा वापरायची, अशी तरतूद नियमावलीत आहे. मोठ्या गटाला ती परवडते, दहा गुंठ्यांच्या मालकाला सहसा नाही.

मंजुरीनंतर दहा वर्षांत पालिकेने जमीन घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीसोबत मालकीचे कागद जोडावेच लागतात. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. ही नोटीस वकिलाकडूनच काढा. एक कागद कमी पडला की मुदत सुरूच झाली नाही असं म्हणायला पालिका मोकळी.

दुसरीकडे, मंजूर आराखड्यात कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल करता येतो आणि त्याचीही सूचना व हरकतीची मुदत असते. बाग ‘रहिवास’ करण्याचे प्रस्ताव याच वाटेने येतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या जाहिराती वाचायची सवय लावा.

९. नंदुरबार, गावठाण आणि घरकुल

नंदुरबार जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, आणि शिरपूर, चोपडा, यावल, रावेरच्या सातपुड्याकडच्या गावांत, झोनच्या आधी मालकी बघा. आदिवासी खातेदाराची जमीन जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ मुळे पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. झोन दाखला पिवळा आला तरी तो व्यवहार चालत नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ (विक्रीवर बंधन असलेली जमीन) आणि इतर हक्कातला शेरा वाचा. ‘नव्वद-नव्व्याण्णव वर्षांच्या कराराने घेऊ’ असल्या युक्त्या घेऊन येणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

घरकुलासाठी अर्ज करणाऱ्यांना जागेचा कागद नसणं हीच मोठी अडचण असते. गावठाणातलं घर असेल तर स्वामित्व योजनेतल्या ड्रोन मोजणीनंतर निघालेली सनद किंवा मिळकत पत्रिका मिळाली का ते ग्रामपंचायतीत आणि भूमी अभिलेखमध्ये विचारा. गावात जागाच उरली नसेल तर ग्रामसभेचा ठराव करून गावठाण विस्ताराची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. ठरावात सरकारी गटाचा नंबर, क्षेत्र आणि बेघर कुटुंबांची यादी घाला, नाहीतर तो ठराव फिरत राहतो. गायरान सुचवताना जपा, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर गायरानावर घरांना मंजुरी मिळणं फार अवघड झालंय. शहरात पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर बांधायचं असेल तर जागा मंजूर ले-आउटमधली किंवा नियमित झालेली असावी. गुंठेवारीतल्या अनेकांचे अर्ज इथेच अडकतात, म्हणून आधी नियमितीकरणाचा अर्ज, मग घरकुलाचा. दोन्ही अर्जांच्या पोचपावत्या एकाच फाईलला लावून ठेवा, घरकुलाच्या टेबलावर पहिल्यांदा त्याच मागतात.